आमच्या माळ्यावरचा तुकडा

"तारा! गो तारा! तुमचा जाळा लगनाक चल्ला!"

दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडून माझी चुलत जाऊ वनिता ओरडली तेव्हा मी चुलीपाशी पेज ढवळत होते. हातातल्या पळीसकट बाहेर आले. बघते तर देवाला सोडलेला गावचा वळू आमच्या अंगणातून पाणंदीला लागलेला, आणि गडग्यावर वाळत घातलेली दोन्ही घरांची जाळी त्याच्या शिंगांत. एक कपाळावरून मुंडावळ्यांसारखं लोंबत होतं, दुसरं मागे फरफटत होतं. वळूला मात्र कसलीच घाई नव्हती. पानसुपारीचं बोलावणं आल्यासारखा तो रमतगमत देवळाकडे निघाला होता.

"अगो, धर त्येका!" मी ओरडले.

"मी? तूच धर. तुज्या हातात पळी आसा."

शेवटी दोघींपैकी कुणीच धरला नाही. देवळापाशी चार बाप्ये जमले, पेंडेची लालूच दाखवून त्यांनी वळूला उभा केला आणि शिंगांतून जाळी सोडवली. घरचे पुरुष तेव्हा होडी वर ओढायला किनाऱ्यावर गेले होते. देवळातल्या मंडळींनी दोन मोटल्या केल्या, "ह्यो गुणाजीचो, ह्यो इस्रामाचो" असं नुसत्या अंदाजाने ठरवलं आणि एकेक मोटली एकेका अंगणात आणून टाकली. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

गुणाजी केळुसकर म्हणजे माझे सासरे, आमचे बाबा. विश्राम त्यांचा धाकटा भाऊ. गावाच्या तोंडात तो इस्राम. मी त्यांना काका म्हणायची, तेही मनात, कारण दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मधला गडगा तेवढ्यासाठीच घातलेला. भांडण कशावरून, तर रेडिओवरून. दोघा भावांनी भागीत रेडिओ घेतला. बाबांना सकाळी भजनं हवीत, काकांना गोव्याची गाणी. बटणाची ओढाताण झाली, बटण तुटलं, आणि बटणापाठोपाठ घरही तुटलं. वाटणीत रेडिओ काकांकडे गेला आणि त्याचं चामड्याचं कव्हर बाबांकडे आलं. काकांचा रेडिओ दमट हवेने पुढच्याच वर्षी बसला, तरी तो त्यांच्या खिडकीत दिमाखात ठेवलेला असे. बाबा त्या कव्हरात तंबाखू ठेवत आणि काकांना नेमकं दिसेल अशा बेताने ते ओट्यावर टांगत.

आम्ही दोघी सुना मात्र विहिरीवर भरपूर बोलून घ्यायचो. वनिताचा नवरा मुंबईला गोदीत होता, त्यामुळे तिच्याकडे बोलायला वेळही होता आणि विषयही.

आता रापणीचं सांगायला हवं, नाहीतर आम्ही एका जाळ्यावरून एवढं का हललो ते कळायचं नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं अवाढव्य जाळं. ते कुणा एकाचं नसतं. वाडीतल्या प्रत्येक घराचा त्यात एक तुकडा, आणि तुकड्याला तुकडा जोडून रापण होते. मासळीचा वाटा तुकड्यावर मिळतो. पावसाळा आला की जोडणी सोडायची, आपापला तुकडा घरी न्यायचा, गोड्या पाण्यात धुऊन खार काढायचा, सावलीत वाळवायचा, फाटलेलं सांधायचं आणि उंदीर लागू नये म्हणून निरगुडीच्या पाल्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. नारळी पौर्णिमा झाली की सगळे तुकडे वाळूत मांडले जात आणि रापणीचा म्होरक्या बुधाजी तांडेल एकेक तुकडा बोटांनी चाचपत पुढे सरके. त्याच्या मनाला आला तर तुकडा रापणीत. नाही आला तर त्या घराला जाळ्याचा वाटा बंद, नुसती दोरी ओढल्याची मजुरी. मजुरीवर घर चालत नाही.

आमच्या घराला ती भीती कधी नव्हती. जाळं सांधण्यात बाबांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि ही गोष्ट पंचक्रोशी विसरू नये याची काळजी बाबा स्वतः घेत.

त्या वर्षी पाऊस लागला आणि बाबा ओट्यावर तुकडा पसरून बसले. दरवर्षी बसायचे, पण यंदा त्यांच्या अंगात काही वेगळंच आलं होतं. सकाळची पेज पोटात गेली की लाकडी सुई हातात, ती दिवेलागणीलाच खाली. बाजारातून नवा दोरा आणवला, तोही उंची. एरवी फाटलेलं सांधून मोकळं व्हायचं, इथे ते चांगल्या गाठीही सोडून पुन्हा मारत होते. आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"ही गाठ बघ. ही मारणाऱ्याचे हात तोडूक व्हये."

"बाबानू, गेल्या वर्षी तुमीच मारलास ना?"

"मीच? हां. मगे काय, माझेच हात तोडूक व्हये!" असं म्हणून त्यांनी ती गाठ उसवली आणि नव्याने शिव्या सुरू केल्या. स्वतःला इतकं मनापासून शिव्या घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तुकडा आमचा नव्हता हे मला आषाढात कळलं.

लग्न होऊन आले त्या वर्षी बाबांनी मला सांधायला शिकवलं होतं. एका कोपऱ्यात वीतभर जाळं माझ्या हवाली केलं. मी त्यात अशा गाठी मारल्या की एकेक गाठ भिजल्या चण्याएवढी. बाबांनी त्या मुद्दाम तशाच ठेवल्या. "असांदे. मासो मरताना वायच हसान मरांदे," म्हणाले. त्या कोपऱ्याला ते "ताराचो म्हाल", म्हणजे माझा महाल, म्हणत आणि दरवर्षी आल्यागेल्याला दाखवून माझी फजिती करत. यंदा पावसाळा अर्धा सरला तरी म्हालाचं नाव नाही. म्हणून बाबा आंघोळीला गेल्यावर मी स्वतःच तुकड्याचे चारी कोपरे बघितले. म्हाल नव्हताच.

म्हणजे वळूच्या लग्नात नवरी बदलली होती! आमचा तुकडा गडग्यापलीकडे, आणि बाबा पावसाळाभर जिवाचं रान करून सांधताहेत तो इस्रामकाकांचा तुकडा. बाबांना कळलं कसं नाही, हा प्रश्न मला पडला नाही, कारण त्यांचे डोळे गेले होते. फक्त ते कबूल करत नव्हते. शिमग्यात त्यांनी पोस्टमनला भटजी समजून वाकून नमस्कार केला होता आणि वर दक्षिणाही दिली होती.

बाबांना सांगावं तर कोयता घेऊन गडगा चढतील. न सांगावं तर जोडणीच्या दिवशी काय होईल कोण जाणे. मी कळशी उचलली आणि विहिरीवर गेले.

"वनिता," मी आवाज बेताचा ठेवून विचारलं, "तुमच्या तुकड्याक एका कोपऱ्यात कसल्यो गाठी आसत गो?"

"आसत बाय! कोणी तरी खुळीन मारलेल्यो. चण्यासारख्यो."

"ती खुळी मीच."

वनिताच्या हातातला दोर सुटला आणि कळशी धाडकन विहिरीत गेली.

"म्हणजे तो तुमचो तुकडो?" ती तोंडावर हात ठेवून म्हणाली. "आणि मी पावस लागल्यापासून..."

"तू? सांधणा तू करतंस? काका खंय गेले?"

वनिताने मागे बघितलं, पुढे बघितलं, विहिरीतही बघितलं. मग मला शपथ घालून तिने सांगितलं. शिमग्यापासून काकांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. अर्धांगाचा हलका झटका असावा. सुई धरली की गळून पडायची. ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये अशी काकांची सक्त ताकीद होती. गावात फिरताना ते हात सदऱ्याच्या आत घालत. तुकडा नापास झाला तर घरातली चूल दोरीच्या मजुरीवर, आणि दोरी ओढायला तरी हात कुठे होता? मुलगा मुंबईत, तो स्वतःचंच कसंबसं भागवत होता.

"म्हणान मी सांधतंय," वनिता म्हणाली.

"तुका येता?"

"येता म्हणजे काय... बापाशीकडे मी वासरां बांधीत होतंय."

त्याच दुपारी काका झोपल्यावर तिने मला मागच्या दाराने आत घेतलं आणि आमचा तुकडा दाखवला. बाईने खरोखरच वासरं बांधली होती. प्रत्येक भोकाच्या कडा गोळा करून, पिशवीचं तोंड आवळतात तशा आवळल्या होत्या. जाळ्याला ठिकठिकाणी फुगवटे धरले होते. आणि मधोमध हातभर लांबीचं, निळ्या फुलांचं कापड शिवलेलं.

"ह्या काय?"

"परकर. हयसर भोक मोठा होता."

मी हसून हसून जमिनीवर बसले. मग आठवलं की हा तुकडा आमचा आहे, आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

दोघींनी तिथेच बसून बेत केला. तुकडे गुपचूप बदलायचे. वनिताकडे बाबांच्या हातचा सांधलेला तुकडा जाईल, म्हणजे काकांची अब्रू राहील. आमचा आमच्याकडे येईल, आणि जोडणीला अजून अवकाश होता, तेवढ्यात बाबा ती सगळी वासरं सोडतील. बाबांना मी सांगणार होते की उंदीर लागला. उंदराने परकर कसा शिवला ते मात्र अजून सुचलं नव्हतं.

बेत चांगला होता, पण बाबा तुकड्याला सोडतील तर ना! दुपारी झोपायचे तेही तुकडा उशाला घेऊन. "जाळ्याक माणसाची ऊब व्हयी," म्हणाले. मी लग्न होऊन आल्यापासून ही ऊब कधी लागल्याचं मला आठवत नव्हतं. मग मी नवऱ्याच्या मागे लागून त्यांना तालुक्याला डोळे तपासायच्या शिबिरात पाठवलं. बाबा गेले, पण तुकडा पोत्यात घालून बरोबर घेऊन गेले. रांगेत बसून त्यांनी दोन हात सांधून काढलं. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर बाबांनी जाळं त्यांच्यापुढे धरलं. "आदी तुमी सांगा, ही गाठ घट आसा काय सैल?" डॉक्टरांना सांगता आलं नाही. बाबा विजयी मुद्रेने घरी परत आले, चष्म्याशिवाय.

शेवटी देवाला दया आली आणि पलीकडच्या गावात बाबांच्या मावसभावाचं बारावं आलं. बाराव्याला जाळं नेणं बरं दिसत नाही, एवढं तरी बाबांना मानणं भाग होतं. काका दुसऱ्या वाटेने आधीच गेले होते, बाबा कुरकुरत मागून गेले. ते वळणाआड होताच वनिता आणि मी गडग्यापाशी. तिची मोटली इकडे, माझी तिकडे. घड्या तशाच घातल्या, निरगुडीचा पालाही ताजा आणला. वनिताने तिची मोटली पडवीत ठेवली, आमचा बिचारा परकरवाला तुकडा मी माळ्यावर ठेवला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्या रात्री शांत झोपले.

सकाळी ओट्यावर आले तर बाबा सांधत बसलेले, आणि मांडीवर तोच, काकांचा तुकडा.

मी डोळे चोळले. माळ्यावर चढून बघितलं. परकराचा पत्ता नाही.

"काय शोधतंस गो?" बाबांनी खालून विचारलं.

"काय नाय. उंदीर."

"उंदीर नाय हा आमच्याकडे. माझी अजून एक बाजू सांधूक रवली हा. जोडणीआदी व्हयी." आणि जरा थांबून, "वायच तेल गरम कर. काल चलान चलान ढोपार धरला."

मी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत बसले आणि माझं डोकं गरगरत राहिलं. तेवढ्यात गडग्यापलीकडून वनिताचं तोंड वर आलं आणि तिने डोळ्यांनीच मला विहिरीवर बोलावलं.

"देवन परत न्हेलंस?" तिने सुरुवातच तिथून केली. "बरा सांधलेलो तुकडो बघलंस नि जीव सुटलो नाय तुजो!"

"देवाशपथ, मी हात लावूक नाय!"

"मगे काय माझो सासरो गडगो चढलो, एका हातान?"

"आणि आमच्या म्हाताऱ्याक तर ओटो उतरताना पायरी दिसना नाय! तूच काय तरी केलंस!"

"मी? तो परकर माका परत कित्याक व्हयो?"

तोंडाला येईल ते आम्ही दोघींनी एकमेकींना ऐकवलं. त्या दिवसापासून वनिता विहिरीवर असली की मी जायची नाही, आणि मी असले की ती. सासऱ्यांनी घातलेला गडगा सुनांनी आणखी उंच केला. मला रात्री रडू यायचं. त्या वाडीत मला हसवणारी तेवढी एकच मैत्रीण होती.

जोडणीचा दिवस उजाडला. ऊन पडलं होतं, समुद्र अजून गढूळ होता, पण मवाळ झाला होता. रापणीचं सामान ठेवायच्या मांगरासमोर वाळूत सगळ्या वाडीचे तुकडे ओळीने मांडले जात होते. बाबांनी आपली मोटली स्वतः खांद्यावरून आणली, माझ्या नवऱ्याला हातही लावू दिला नाही. काका आले ते उजवा हात सदऱ्यात खुपसून, मान ताठ ठेवून. त्यांच्यामागे वनिता मोटली डोक्यावर घेऊन. तिचा चेहरा बघितला आणि माझा राग तिथेच विरघळला. तिचा परकर आज सगळ्या गावासमोर उलगडणार होता आणि त्यानंतर काकांच्या घरात चूल कशी पेटणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. योगायोगाने म्हणा की बाबांनी साधल्यामुळे म्हणा, दोन्ही मोटल्या शेजारीशेजारीच पडल्या.

बुधाजी तांडेल डोळे मिटून एकेक तुकडा चाचपत येत होता. तो आमच्यापासून दोन घरांवर आला आणि बाबा ताडकन उठले.

"थांब बुधाजी! ह्येना माझो तुकडो उचलल्यान!"

बाबांचं बोट काकांच्या मोटलीकडे होतं.

सगळी वाडी जवळ सरकली. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून सगळं तांडेलाच्या मार्फत चाललं.

"तेका सांग," बाबा म्हणाले, "आता वाळूत ठेवताना त्येना माझी मोटली घेतल्यान नि आपली माज्याकडे सरकवल्यान."

काकांचा चेहरा लाल झाला. "तेका सांग, मी चोर नाय! घरापासून ही मोटली माज्या सुनेच्या डोक्यार आसा! ह्यो तुकडो माझो!"

"तेका सांग, तो माझो!"

"अरे, आदी बघया तरी काय आसा ता," म्हणत बुधाजीने वनिताची मोटली सोडली. घडी उलगडली आणि निळी फुलं वाळूवर पसरली. एक बाई किंचाळून हसली. मग सगळेच हसले. बुधाजीने परकर दोन बोटांत धरून वर उचलला. "ह्या परकरासाठी भांडतास?"

"परकर माझो!" बाबा ओरडले.

"परकर माझो!" काका त्याहून मोठ्याने ओरडले.

वनिताने पदर तोंडात कोंबला. बुधाजीने दुसरी मोटली सोडली, त्यावरून बोटं फिरवली आणि त्याची बोटं जागच्या जागी थांबली. पुन्हा मागे आणली, पुन्हा फिरवली. "आणि ह्यो?" त्याने हळू आवाजात विचारलं. "ह्यो कोणाचो?"

"तेचो," बाबा म्हणाले.

"माझो नाय," काका म्हणाले.

असा तमाशा त्या किनाऱ्याने कधी पाहिला नसेल. सगळ्या वाडीतला सगळ्यांत सुंदर तुकडा बेवारशी पडलेला, आणि दोन पिकली पानं सगळ्यांत भिकार तुकड्यासाठी झोंबाझोंबी करताहेत. काका डाव्या हाताने ओढत होते. बाबांचे दोन्ही हात धडधाकट होते, दोन्ही लावले असते तर काका वाळूत तोंडावर पडले असते. पण बाबा एकाच हाताने ओढत होते. मला ते तेव्हा दिसलं, पण उमगलं नाही.

"माज्या सुनेक इचार!" बाबा अखेर म्हणाले. "तारा, सांग. आमचो खंयचो?"

सगळ्या वाडीने माझ्याकडे बघितलं. मागून नवरा कानात कुजबुजला, "बरो तो सांग!" त्याचं काय चुकलं? आमच्या घराचा वाटा त्या एका उत्तरावर होता. चांगल्या तुकड्याकडे बोट दाखवलं की काम संपलं असतं. काका तर स्वतःच तो नाकारत होते.

मी बाबांकडे बघितलं. काही तरी बिनसलेलं होतं. ओट्यावर चिमणी शिटली तर बाबा तिच्या तीन पिढ्यांचा उद्धार करायचे. इथे त्यांच्या मते भावाने भर वाळूत चोरी केली होती आणि त्यांच्या तोंडून एकही धड शिवी बाहेर पडली नव्हती. उलट ते माझ्याकडे असे बघत होते की मी आता काय बोलणार याची त्यांना मनापासून भीती वाटत असावी. तेल लावलेलं ढोपर मला आठवलं, आणि गडगा आठवला, आणि ती उरलेली एक बाजू.

मी पुढे झाले, परकरवाल्या तुकड्याचा कोपरा उचलला आणि तांडेलाच्या हातात दिला. "ह्यो आमचो. ह्यो चण्यासारख्यो गाठी माज्यो. सगळ्यांनी बघलेल्यो आसत."

बघितलेल्या होत्याच. बाबांनीच दाखवल्या होत्या.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. बुधाजीने चांगला तुकडा दोन्ही हातांनी उचलून काकांच्या पुढ्यात ठेवला. "इस्राम, असो हात मी माज्या जल्मात बघूक नाय. जोडणी तुज्या तुकड्यापासून सुरू करूया." मग बाबांकडे वळला आणि त्याचा आवाज उतरला. "गुणाजी, वाईट मानू नको. तुजो हात गेलो. नीट करून हाड, मगे बघया. तवसर दोरीची मजुरी."

बाबांनी मान हलवली. "गेलो खरो," म्हणाले.

गर्दीत कुणीतरी विचारलं की गुणाजीने जाळ्याला परकर कुणाचा लावला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तो परकर पुढे कित्येक वर्षं वाडीने माझ्याच नावावर ठेवला. वनिता खरं सांगायला तोंड उघडत होती. मी तिच्या पायावर पाय दिला आणि तसाच दाबून धरला. तिने माझ्याकडे बघितलं, आणि दोघी एकदमच रडू लागलो. बायांना वाटलं, सासऱ्याच्या अपमानाने रडतात. त्यांनी आमची समजूत घातली.

माणसं जोडणीच्या कामाला लागल्यावर बाबा आपला तुकडा घेऊन मांगराच्या सावलीत बसले. मी जवळ गेले.

"बाबानू, तुमका म्हायती होता."

"काय?"

"तुकडो कोणाचो ता."

"माज्या हातातला जाळा माझा काय दुसऱ्याचा, ह्या कळूक डोळे कित्याक व्हये?"

"मगे गप कित्याक रवलास?"

बाबांनी आजूबाजूला बघितलं. "इस्राम बिडी डाव्या हातान पेटयता. शिमग्यापासून. तेवढो उजेड माकाय दिसता," ते म्हणाले. "मी देतंय म्हटलं असतंय, तर घेतलो असतो त्येना? तोंडार मारलो असतो." मग एकदम माझ्यावरच उखडले. "आणि तुमका दोघींका कसली घाई झाली होती? एक बाजू रवलेली माझी! ह्या वयात माका गडगो चढाक लावलास, तोय आंधारात!"

मी हसावं की रडावं हे मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. माझ्या सासऱ्याला मी तीन वर्षं नुसता तोंडाळ म्हातारा समजत होते. गावातलं सगळ्यांत मोठं नाव त्या माणसाने हातातल्या तंबाखूसारखं झाडून टाकलं होतं, आणि वर ढोपर दुखतंय म्हणून माझ्यावर डाफरत होता.

तिकडे काका ओळीच्या तोंडाशी उभे होते. माणसं त्यांच्या तुकड्याला शेजारचा तुकडा जोडत होती, पाठीवर थापा मारत होती. त्यांनी डाव्या हाताने जाळं उचललं आणि बोटं गाठींवरून फिरवली. एका गाठीवरून दुसऱ्या, तिसऱ्या. मग पुन्हा पहिलीवर आली. मग त्यांनी जाळं खाली ठेवलं आणि वाळू तुडवत सरळ आमच्याकडे आले.

मला वाटलं, आता खरं भांडण होणार. बाबांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी मान खाली घालून परकराची शिवण उसवायला घेतली.

काका येऊन समोर उभे राहिले. तांडेल लांब होता, मध्ये कुणीच नव्हतं.

"गाठी सैल मारलंस," काका म्हणाले.

बाबांनी परकराचा आणखी एक टाका तोडला.

"फुडल्या वर्साक घट मारतलंय," ते म्हणाले.